शिट्टीसरांचं बनियन

शिट्टीसरांना सगळ्यांनी कायम उघड्या अंगानंच पाहिलं होतं. सार्वजनिक तरणतलावावर पोहायला शिकवण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. गळ्यात शिट्टी, आखूड चड्डी आणि पन्नाशी उलटल्यावरही दारासारखी रुंद छाती. नवा कुणी पाण्याला घाबरला की ते त्या छातीवर थाप मारून म्हणायचे, "मी इथे उभा असताना बुडायची परवानगी नाही!" घाबरलेला हसायचा आणि हसता हसता पाण्यात उतरायचा.

त्यामुळे एक दिवस सर बनियन घालून पाण्यात आले, तेव्हा सगळ्यांच्या नजरा वळल्या.

"काय सर, थंडी वाजते का?"

"क्लोरीन बाधतंय कातडीला," सर म्हणाले. भिजलेल्या बनियनमधून क्लोरीन कसं अडणार, हे त्यांना कुणी विचारलं नाही. सरांशी वाद कोण घालणार?

खरी गोष्ट वेगळीच होती. आंघोळ करताना साबणाचा हात छातीवरून फिरला आणि डाव्या बोंडाच्या कडेला काहीतरी लागलं. वाटाण्याएवढं, कडक. दुखत नव्हतं, पण दाबलं तर जागचं हलतही नव्हतं. पुळी असेल, जाईल आपोआप, असं म्हणून त्यांनी दिवस ढकलले. गाठ गेली तर नाहीच, उलट बोंड आत ओढल्यासारखं दिसायला लागलं.

माणूस अशा वेळी घाबरतो. सरांना भीतीच्या आधी लाज वाटली. हे बायकांचं दुखणं, एवढंच त्यांना ठाऊक. पुरुषाला असलं काही होतं हे त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. आपल्या पुरुषपणातच कुठेतरी खोट आहे, ती आता अंगावर उगवून आली आहे, असं काहीसं त्यांच्या मनानं घेतलं. दोस्ताला सांगायचं तर काय शब्दांत सांगायचं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

आणि हेच सर काही वर्षांपूर्वी बायकोवर डाफरले होते. तिला छातीत गाठ आली होती आणि ती लपवत होती. "अंग आपलं, त्यात लाजायचं काय? शिकलेली ना तू?" असं म्हणून तिला हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेले होते. तिची नुसती पाण्याची गाठ निघाली. सुईनं पाणी काढलं, गाठ बसली, संध्याकाळी दोघं भटकून घरी आली. तेव्हाचं ते शहाणपण आता सरांना आठवायचं आणि ते स्वतःच्याच घरात नजर चुकवत फिरायचे.

शेवटी बनियननंच त्यांना उघडं पाडलं. धुवायला टाकताना बायकोला डाव्या बाजूला तांबूस डाग दिसला.

"हे काय?"

"खरचटलं असेल."

"बघू."

"काही नाही गं."

"अहो, मी तुमची बायको आहे, तलावावरचं गिऱ्हाईक नाही. काढा तो सदरा."

तिनं बोटांनी चाचपलं आणि तिचा हात तिथेच थांबला. किती दिवस झाले, असं तिनं विचारलं. सरांनी सदरा पुढे ओढून घेतला. "मला तेव्हा काय काय ऐकवलं होतंत, आठवतंय का?" एवढंच ती बोलली आणि चप्पल शोधायला लागली.

तपासणीच्या ठिकाणी बाकांवर सगळ्या बायका. नर्सनं दार उघडून सरांच्या बायकोकडे पाहिलं. "या बाई, आत या."

"मी नाही. हे आहेत."

नर्स क्षणभर घुटमळली. बाकांवरची कुजबुज थांबली. दारापर्यंतचं ते चार पावलांचं अंतर सरांना तलावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाटलं. आत घालायला दिलेला झगा बायकांच्या मापाचा होता. खांद्यात अडकला, पुढे बंद होईना. ते पडद्याआड दोन्ही हातांनी तो धरून उभे राहिले. हजारो लोकांसमोर उघड्यानं वावरलेला माणूस!

डॉक्टर मुलीच्या वयाची होती, पण घाईतली नव्हती. "गाठ आली म्हणजे कॅन्सरच असतो असं नाही," ती म्हणाली. "पुरुषांनाही इथे थोडा स्तनाचा भाग असतो. वयानं हार्मोन बदलले, यकृत बिघडलं, दारू जास्त झाली की तो वाढतो. कधी नुसती चरबीची गाठ असते, कधी मार लागून झालेली. काही औषधांनीही होतं. तुम्ही कुठली गोळी घेता?"

 सरांनी बायकोकडे चोरून पाहिलं आणि ते पुटपुटले, "केसांची."

"कसली?"

"टक्कल पडू नये म्हणून."

"मला तर ताकदीची आहे म्हणालात!" बायको म्हणाली.

डॉक्टर हसली नाही, हे तिचे उपकार. सरांना मात्र एकदम आशा वाटली. "मग त्यानंच झालं असणार ना? आजपासून बंद!"

"गोळीनं वाढतं ते बहुतेक बोंडाच्या बरोबर खाली असतं, रबरासारखं लागतं. तुमची गाठ कडेला आहे, कडक आहे, शिवाय बोंडातून रक्त येतंय. सुईनं तुकडा काढून तपासल्याशिवाय मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही."

तुकडा तपासला. कॅन्सर निघाला. फार पसरला नव्हता. ऑपरेशन झालं आणि डाव्या बाजूला बोंडाच्या जागी एक आडवा व्रण राहिला.

कामावर सरांनी "छातीचं ऑपरेशन" एवढंच कळवलं होतं. ऐकणाऱ्यांनी ते हृदयाचं धरलं. सरांनी दुरुस्त केलं नाही. भेटायला आलेले म्हणायचे, "एवढं तगडं हृदय, त्याला काय झालं?" आणि सर मान हलवून म्हणायचे, "कामाचा ताण." हृदयाच्या दुखण्याला केवढा मान असतो! लोक आवाज खाली आणून बोलतात, फुलं आणतात. सरांना तो मान खोटं नाणं खपवल्यासारखा टोचायचा, पण परतही करवेना.

खोट्याचं एक असतं, एक ठिगळ लावलं की दुसरीकडे फाटतं. सर बरे होऊन परत आले तर व्यवस्थापकानं त्यांना लॉकरच्या किल्ल्या देण्याच्या खिडकीत बसवलं. "हृदयाच्या माणसाला खोल पाण्यावर कसं ठेवू? उद्या काही झालं तर? तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांचं पत्र आणा, मग बघू."

हृदयाचा डॉक्टर आणायचा कुठून? सर गळ्यापर्यंत गुंड्या लावून खिडकीत बसायचे, किल्ल्या द्यायचे, ओले टॉवेल मोजून घ्यायचे. आतून दुसऱ्याच कुणाची शिट्टी ऐकू यायची. नवा शिक्षक मुलांना चुकीचं, पाय गुडघ्यात मोडून मारायला शिकवत होता, ते पाण्याच्या आवाजावरूनच त्यांना कळायचं. त्यांच्या डॉक्टरनं तर पोहा म्हणूनच सांगितलं होतं, ऑपरेशननंतर आखडलेला हात मोकळा होईल म्हणून.

शेवटी एका दुपारी ते व्यवस्थापकाच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

"साहेब, माझं ते हृदयाचं नव्हतं."

"मग?"

"छातीचंच. पण वरचं. म्हणजे..." दार नीट लागलंय ना ते त्यांनी वळून पाहिलं. "स्तनाचा कॅन्सर."

"अरेरे! कुणाला?"

"मला."

व्यवस्थापक हसला. फस्सकन, नाकातून. लगेच त्यानं चष्मा काढून पुसायला घेतला. "पुरुषांना होतो?"

"होतो. क्वचित."

"अहो मग सांगायचं ना सरळ. खोटं कशाला बोललात? आम्ही काय हसलो असतो का तुम्हाला?"

"तुम्ही आत्ताच हसलात साहेब."

 व्यवस्थापकाचे कान लाल झाले. दुसऱ्या दिवसापासून सर पुन्हा पाण्यावर जायला लागले, बनियन घालून.

त्या खोलीच्या भिंती पातळ असाव्यात, कारण सकाळच्या बायकांच्या वर्गाला सगळं आधीच ठाऊक होतं. उथळ पाण्यात कठडा धरून त्या ओळीनं उभ्या होत्या. त्यातली शिवणकाम करणारी बाई सरळ म्हणाली, "सर, डावी की उजवी?"

पाणी कमरेएवढंच होतं. गळ्याएवढं असतं तर बरं, असं सरांना वाटलं. "डावी," ते म्हणाले.

"माझीही डावीच. पण दुधाची होती. बाळाला पाजताना दूध साकळलं, ताप भरला, पू झाला. सुईनं पू काढला, मग गोळ्यांनी बसली."

"माझी गोटीसारखी पळते," तिच्याशेजारची कॉलेजातली मुलगी म्हणाली. "तरुणपणी होते म्हणे अशी. तपासून झाली, राहू दे म्हणालेत."

"आणि मला गाडीच्या पट्ट्याचा झटका बसला होता," तिसरी म्हणाली. "आतली चरबीच कडक झाली होती. रिपोर्ट येईपर्यंत मी नवऱ्याची दुसरी बायकोसुद्धा मनात ठरवून टाकली!"

सगळ्या खिदळल्या. सर मान खाली घालून पाण्यात बघत होते. मग ओळीतली सगळ्यात वयस्क बाई, सगळ्यांची आजी, पोहण्याच्या पोशाखावर एका बाजूला तळहात टेकवून म्हणाली, "माझी तुमच्यासारखीच होती हो. इथे मी कापड भरते." तिच्या शेजारी रोज पोहणाऱ्या बायकांनाही ते माहीत नव्हतं. 

"चला, पाय मारा," सर म्हणाले. मग त्यांनी शिट्टी फुंकली.

त्यानंतर लाज संपली म्हणावं, तर तसं नाही. सरांनी बनियन काढलं नाही, अजूनही काढत नाहीत. पण डॉक्टरनं एक काम मागे लावलं होतं, ते त्यांनी केलं. हे दुखणं कधी कधी रक्तातून येतं, भावंडांना आणि मुलांना सांगा, असं ती प्रत्येक खेपेला बजावायची. मुलीला बायकोनं सांगितलं होतं. राहिला थोरला भाऊ. ट्रक चालवणारा, जाडजूड मिशांचा, घरात ज्याच्यापुढे सर आजही हळू बोलतात. फोन लावून सरांनी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"हॅ! बायकांचं काहीतरी बोलतोस," भाऊ म्हणाला.

"मीही तेच म्हणत होतो दादा."

पलीकडे इंजिनाची घरघर चालू होती. मग ती बंद झाली.

"कशी लागते रे हाताला?" भावानं विचारलं.

सर स्वतःच त्याला घेऊन गेले. बायकांनी भरलेल्या त्या बाकावर दोघं भाऊ शेजारी शेजारी बसले, दोघांच्याही माना खाली. भावाची चरबीची गाठ निघाली, साधी. परतीच्या वाटेवर तो हवापाण्याबद्दल बोलत राहिला, आणि त्या दिवसाचा विषय त्यानं पुन्हा कधी काढला नाही.