ताईच्या घराचा विटकरी रंग

माझ्या थोरल्या बहिणीने, ताईने, जन्मभर लोकांचे कपडे शिवले; पण दोरा कधी घरात बसून निवडला नाही. रीळ आणि कापड घेऊन ती उंबऱ्याशी जायची, उजेडात दोरा कापडावर ठेवायची, मान तिरकी करून बघायची. गिऱ्हाईक ताटकळलंय, मी चरफडतेय, आणि हिचं आपलं निवांत चाललंय.

आता त्याच डोळ्यांनी दगा दिला. माणसं, दारं, सगळं धूसर. दिसतात ते नुसते रंगाचे डाग. त्यात आमच्या गल्लीतली घरं एकजात पांढरी. परवा बाईसाहेब बाजारातून आल्या त्या थेट शेजारच्या ड्रायव्हरकाकांच्या स्वयंपाकघरात, आणि चहाचं आधण ठेवून मोकळ्या! काका भले, चहा पिऊन तिला घरी सोडून गेले. मी पोट धरधरून हसले. ताईच्या मुलाला मात्र हसू आलं नाही. आता माझ्याकडेच राहायला चल, म्हणाला. तिकडे तिसरा मजला, खाली उतरायचं तर कुणाचा तरी हात धरायचा.

"आधी घराला रंग देऊ," ताई म्हणाली. "मग माझं घर मला सापडलं नाही, तर येईन."

रंगारी शेडकार्ड घेऊन आला. त्याला फिका बदामी पसंत. घर मोठं दिसतं म्हणे. ताईने कार्ड हातातही घेतलं नाही. भिंतीवर परातीएवढे ठिपके द्यायला लावले, मातकट, विटकरी, कॉफी, आणि स्वतः जाऊन उभी राहिली गल्लीच्या कोपऱ्यावर. सकाळी बघितलं, भर दुपारी बघितलं, ऊन उतरल्यावर पुन्हा बघितलं. तिचा हात धरून उन्हात उभं राहून माझं डोकं भणभणलं. अगं, भिंत रंगवायचीय, तिच्याशी सोयरीक नाही जुळवायची, असं मी म्हणालेसुद्धा. पण मातकट दुपारच्या उन्हात विरून गेला, कॉफी संध्याकाळी काळवंडला. विटकरी तेवढा टिकला. दाराभोवती बदामी पट्टा मारा म्हणाली, म्हणजे दार कळेल आणि रंगारीदादाचाही मान राहील. ड्रायव्हरकाकांनाही तोच विटकरी हवासा वाटू लागला होता. मी असं काही बघितलं त्यांच्याकडे, की विषय तिथेच मिटला.

रंग वाळला त्या दिवशी भाचा आला. कोपऱ्यावर त्याने आईचा हात सोडला. मी आधीच धावत येऊन दारात उभी राहिले होते. ताई चालू लागली. काकांच्या घरापुढे थबकली. मला राहवेना, मी दोन्ही हात पसरले, चुकलीच तर धरायला.

"कोण उभंय तिथे? बाजूला हो गं," ती म्हणाली, "माझं दार झाकलंस."

मी झाले बाजूला. ती आली, बदामी चौकटीवरून हात फिरवला आणि आत गेली. भाचा कोपऱ्यावरच डोळे पुसत उभा होता, मलाही रडू आवरेना. आतून ताईने विचारलं, चहा किती जणांचा ठेवू.