तोंड मिटलेली माणसं

भिंतीवरच्या फोटोला रागावणारा माणूस मी एकच पाहिला, ते आमचे डॉक्टरकाका. नेपियर टाउनला त्यांच्या घरी कामाला लागली त्या दिवशी मी दारातच उभी, कडेवर माझी पिहू, आणि आतून आवाज, "काहून गं, नाक वर करून बघून राहिलीस? कुठची राणी लागून गेलीस?" मला वाटलं मलाच म्हणून राहिले. आत पाहते तर काका सोफ्यावर, हातात चहा, आणि समोर सोनेरी चौकटीत एक गोरी बाई, मोठी पांढरी कॉलर, ओठ गच्च मिटलेले. काका वळून म्हणाले, "ये न बेटा. हिच्याकडे लक्ष नको देऊ. दोनशे वर्षांची झाली, पण तोरा जात नाही."

काका दाताचे डॉक्टर. काकू गेल्यावर दवाखाना बंद केला, पण दात पाहायचा छोटा आरसा काही खिशातून गेला नाही. आता तो चांदीच्या कामाचा. जुनी विलायती चांदी आणि जुनी पेंटिंग जमवायचा त्यांना भारी नाद. कुठे जुना बंगला विकून राहिला, कुठे रेल्वेतलं अँग्लो-इंडियन कुटुंब सामान काढून परदेशी चाललं, की काका पोचलेच समजा. चांदीची किटली पालथी करून, टॉर्च लावून, बुडाशी आरसा धरायचे, जशी काय तिची दाढच किडली. बुडाला बारीक छाप असतात, सिंह, अक्षरं, कुठे घडवली, केव्हा घडवली, सगळं त्यात. छाप सापडला की म्हणायचे, "हं, उघडलं बाईनं तोंड."

ती चांदी पुसायचं काम माझं. एकदा मी घरून मंजन घेऊन गेली, आमच्याकडे पैंजण मंजनानेच घासतात, कसे चमकतात. काकांनी डबी पाहिली आणि उठूनच आले. मला वाटलं, गेली नोकरी. "आयुष्यभर लोकांना सांगून थकलो, इतकं मंजन घासू नका, दात झिजतात," म्हणाले, "आणि तू माझ्या सिंहाला मंजन लावून राहिली? म्हातारपणी बोळका करते का त्याला?" मग स्वतः खाली बसले आणि खडूची ओली पावडर मऊ फडक्याने हळूहळू कशी फिरवायची ते दाखवलं.

पण माझी खरी भीती वेगळी होती. पिहू अडीच वर्षांची झाली आणि बोलत नव्हती. आई नाही, पापा नाही, काहीच नाही. कान तपासले, कान चांगले. खमरियाला आमच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये सासूबाई रोज तिला समोर बसवायच्या, "बोल आजी, बोल न, आ-जी," आणि ती ओठ असे मिटायची की दूधही आत जायचं नाही. शेजारणी आल्या की त्यांचंही तेच. सासूबाई मला म्हणायच्या, "त्या भुतांच्या फोटोत नेऊन बसवतेस पोरीला, बोलंल कशी?" मलाही आतून तेच वाटायचं. भिंतीवर ते सगळे गप्प, बघून राहिलेले, आणि खाली पिहू, तीही गप्प.

शेवटी धीर करून विचारलं, "काका, हे सगळे तोंड मिटून काहून बसले?"

काका इतके हसले की चहा सांडला. "दात खराब न त्यांचे. साखर खायचे, दात काळे, मग चित्रकारासमोर हसणार कसे? हा जाड्या आहे न, लाल कोटवाला, याचे समोरचे दोन नक्की नसतील."

ज्याला समोरचे दातच नाहीत त्याला काय घाबरायचं? मग मी पिहूचंही सांगून टाकलं, रडत, एका दमात. काकांनी आरसा काढला नाही, तिच्या तोंडात पाहिलंही नाही. म्हणाले, "तोंड उघडा म्हटलं की माणूस आणखी मिटतो, बेटा. मी खुर्चीवरच्या पेशंटशी क्रिकेटचं बोलायचो, भाजीचं बोलायचो. थेरपीवालीकडे तर नेच तिला. पण इथे तिला कोणी बोल म्हणायचं नाही. तू पण नाही."

आणि त्या दिवसापासून काका भिंतीवरच्या सगळ्यांचं आपणच बोलायला लागले. जाड्याचा आवाज घोगरा, कॉलरवाल्या बाईचा बारीक, जाड्या तिला दीदी म्हणायचा.

"दीदी, आज खोव्याची जलेबी मिळंल का?"

"आधी दात दाखव."

मग काका थांबायचे. पिहूकडे बघायचेही नाहीत, किटलीतून पुन्हा चहा ओतून घ्यायचे, तेवढी जागा कोणासाठी तरी सोडायचे. ती जागा रोज रिकामीच जायची. मी दारात फडकं धरून उभी. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मग एका सकाळी जाड्याने जलेबी मागितली, काका थांबले, आणि पिहू म्हणाली, "नाई."

काकांनी वळून पाहिलं नाही. जाड्याच्याच आवाजात म्हणाले, "काहून नाई?"

"दात," पिहू म्हणाली.

मी तिथेच खाली बसली.

पण ती बोलायची फक्त भिंतीशी. घरी तोंड मिटलेलंच, सासूबाईंना खरंही वाटेना. आणि त्याच उन्हाळ्यात काकांची मुलगी त्यांना पुण्याला न्यायला आली. चांदी कापडात गुंडाळली, चित्रं उतरवायला माणसं आली, भिंतीवर नुसते पांढरे चौकोन राहिले. मला एकच धास्ती, हे गेले की पोरीची वाचाही गेली. तेवढ्यात एकाने कॉलरवालीला डोकं खाली करून भिंतीला टेकवलं, आणि पिहू त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली, कमरेवर हात.

"ए भैया, दीदी को उल्टा मत रखो. चक्कर येते."

अनोळखी माणसाला म्हणाली. अख्खं वाक्य, आणि वर काकांचा तो रागवायचा सूर. त्याने घाबरून चित्र सरळ केलं. काकांनी चष्मा काढला, पुसत बसले, मग म्हणाले, "चलो. आता मी जायला मोकळा."

पुण्याच्या फ्लॅटमध्ये भिंती कमी. एकटी कॉलरवाली लागली, बाकीचे अजून पेट्यांतच आहेत. रविवारी काकांचा फोन येतो. मी विचारते, जेवले का, औषध घेतलं का, ते म्हणतात, "हो हो, फोन दे तिला." मग पिहू सुरू, शाळेचं, आजीशी भांडली त्याचं, मध्येच जाड्याचा घोगरा आवाज. श्वास घ्यायला थांबत नाही. मागच्या रविवारी तिकडून काहीच ऐकू येईना, मी घाबरली, फोन ओढून कानाला लावला.

"काका? आहात न?"

"आहे," ते हळूच म्हणाले. "मध्ये नको बोलू, बेटा. तिचं चालू आहे."