टायर तापेपर्यंत

कोल्हापुरात सगळ्यांत वेगवान टायरांवर सगळ्यांत सावकाश गाडी चालवणारा माणूस कोण, असं कुणी विचारलंच, तर उत्तर एकच आहे: माझे धाकटे मामा. गाडी म्हणजे मोटारसायकल. जुनी, जड, दोन सायलेन्सरांची. कसबा बावड्यातल्या आमच्या गल्लीत ती सुरू झाली की समोरच्यांची म्हैस पान्हा चोरते, अशी मामींकडे नेहमी तक्रार यायची. मामा सरकारी कचेरीत कारकून. शर्टाची सगळी बटणं लावणारे, रस्ता ओलांडताना दोनदा उजवीकडे बघणारे, सांडगी मिरचीसुद्धा आधी टोक चाखून मग खाणारे. पण या सावध माणसाच्या गाडीला टायर होते ते शर्यतीचे. मद्रासकडे मोटारसायकलींच्या शर्यती होतात. तिथे न वापरता उरलेली एक जोडी त्यांच्या ओळखीच्या ट्रक ड्रायव्हरने आणून दिली होती. रबर मऊ, अंगावर खाचा जवळजवळ नाहीतच. असे टायर तापले की घोरपडीसारखे रस्त्याला धरून बसतात, असं मामा सांगायचे. तापले नाहीत तर साबणाच्या वडीसारखे निसटतात, हेही सांगायचे, पण आवाज जरा खाली आणून. आणि टायर तापायला लागतो वेग, जो मामांकडे नव्हता.

बी.एड. झाल्यावर मी नोकरी शोधायला त्यांच्याकडे राहायला आले, तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, बोलणं कमी. पाहुणे आले की मी चहाचे कप उचलायच्या निमित्ताने आत जायची आणि दाराआडून सगळं बघायची. मामा मला पहिल्या दिवसापासून ‘मॅडम’ म्हणायचे. बाबांनी नागपूरहून बजावलं होतं की जूनपर्यंत नोकरी मिळाली तर कोल्हापुरात राहा, नाही तर परत ये. तिकडे त्यांनी दोन स्थळं थोपवून धरली होती. मला परत जायचं नव्हतं. हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण मामांनी ओळखलं असावं, कारण पेपरातली ‘शिक्षिका पाहिजेत’ची जाहिरात ते रोज न बोलता माझ्या ताटाशेजारी ठेवायचे.

वेग नसल्यामुळे मामांनी टायर तापवायच्या इतर वाटा शोधल्या होत्या. उन्हाळ्यात गाडी गच्चीच्या सावलीतून काढून अंगणात उन्हाला लावायची, आणि मामींनी वर पापड उलटले की खाली त्यांनी गाडी थोडी पुढे ढकलून टायरचा दुसरा भाग उन्हात आणायचा. थंडीत दोन्ही चाकांना घोंगडी पांघरायची. किराणा दुकान आमच्या घरापासून चार घरांवर होतं, तरी साखर आणायला मामा उसाच्या फडांना वळसा घालून जायचे, म्हणजे दुकानाशी पोचेपर्यंत टायर कामाला आलेले असतात. त्या वळशात ते गाडी रस्त्यावरून नागमोडी न्यायचे, कारण शर्यतवाले तशीच नेतात असं त्यांनी ऐकलं होतं. एकदा शेजारच्या काकूंनी मामींना बाजूला घेऊन, कधीपासून प्यायला लागले, असं हलक्या आवाजात विचारलं. मामी म्हणाल्या, “पीत न्हाईत ओ ते. टायर तापवत्यात.” काकूंनी मामींच्या पाठीवरून हात फिरवला. पिण्याची गोष्ट त्यांना निदान समजण्यासारखी होती.

निघण्याआधी मामा वाकून, हाताची पालथी बाजू आधी पुढच्या आणि मग मागच्या टायरला लावायचे. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावी तशी. मग मान हलवायचे. “थंड हाय. थंड टायरवर बसणं म्हंजे उपाशी पैलवान आखाड्यात सोडणं.” पावसाळ्यात तर टायर तापायचा प्रश्नच नसे. जून ते दसरा गाडी ताडपत्रीखाली झोपायची आणि मामा सायकलवरून, एका हातात छत्री धरून, कचेरीला जायचे. खाचांचे साधे टायर घाला म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिलं. त्यांना साधे टायर म्हटलं की अपमान वाटायचा. ते टायर शेंगांची पोती वाहायला ठीक, म्हणायचे. उद्यमनगरातल्या गॅरेजवाल्याने तर त्यांना एकदा चारचौघांत पकडलं होतं. शर्यतवाले वळणावर गाडी इतकी झोपवतात की टायरच्या कडा झिजतात. मामांच्या टायरचा मधला पट्टा गुळगुळीत झाला होता आणि कडा जशाच्या तशा होत्या. गॅरेजवाला टायरवर बोट फिरवत म्हणाला, “मामा, कडंला अजून हळदबी लागली न्हाय की.” मामा हसले, पण त्यानंतर आठवडाभर ते प्रत्येक वळणावर खांदा थोडा खाली पाडायचे. गाडी सरळच राहायची.

अशात मला एका इंग्रजी शाळेतून मुलाखतीला बोलावणं आलं. फेब्रुवारीतली सकाळ, आठची वेळ, अंगात हुडहुडी. मी बसने जायचं ठरवलं होतं. मामा शर्टावर स्वेटर, स्वेटरवर कोट घालून दारात उभे राहिले. घरात गाडी असताना भाची मुलाखतीला बसने जाणार, हे त्यांना मान्य नव्हतं. मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “तिला आज पोचायचंय. तुमचं टायर तापेपर्यंत तिचं लगीन व्हईल नागपूरला.” मामांनी गाडीकडे मोर्चा वळवला. घोंगडी काढली, पालथा हात लावला आणि चेहरा पाडला. मग एकदम त्यांना काहीतरी सुचलं.

वाटेत त्यांच्या मित्राचं गुऱ्हाळ होतं. उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळत होता आणि खाली चुलवाण भडकलं होतं. मामांनी मला बाजूला उभं केलं आणि गाडीचं पुढचं चाक चुलवाणाच्या तोंडाजवळ नेऊन लावलं. गूळ हलवणारा गुळव्या हातातलं फावडं थांबवून बघत राहिला. “काय पावणं, गाडीला थंडी वाजतीया व्हय?”

“व्हय,” मामा म्हणाले, अगदी गंभीरपणे.

पुढचं झालं, मागचं झालं. मामांनी पालथा हात लावला आणि चटकन मागे घेतला. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. टायर आयुष्यात पहिल्यांदा शर्यतीइतके तापले होते. मात्र गुऱ्हाळाच्या अंगणात काय असतं, याचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. खाली सगळीकडे उसाची वाळलेली चिपाडं पसरलेली, त्यांवर सांडलेली काकवी. तापलेलं मऊ रबर त्यावरून फिरलं आणि रस्त्याला लागेपर्यंत दोन्ही चाकांनी चिपाडांचे झगे घातले. घोरपडीसारखे धरून बसतात, हे मामांनी खरंच सांगितलं होतं. गाडी फराफरा आवाज करत थोडी पुढे गेली, मडगार्डमध्ये चिपाडं अडकली आणि चाक थांबलं.

मामा रस्त्याच्या कडेला मांडी घालून बसले आणि टायरवरची चिपाडं सोलू लागले. ते माझ्याकडे बघत नव्हते. उसाच्या गाडीवरून जाणारे लोक गाडी सोलून खाताय काय म्हणून विचारत होते. मीही पदर खोचला, डोक्यातली पिन काढली आणि मागचं चाक धरलं. पुढचं चाक निम्मं सोलून झाल्यावर ते खाली बघूनच म्हणाले, “बसनं गेली असतीस तर बरं झालं असतं, न्हाय?” मी ‘न्हाय’ म्हणाले. माझ्या तोंडून तो शब्द तसा, कोल्हापुरी थाटात, पहिल्यांदाच आला, आणि मामा हसले.

शाळेच्या आवारात आम्ही शिरलो ते फटफट आणि फराफर अशा दुहेरी वाद्यावर. उशीर झालाच होता. खिडकीतून मुख्याध्यापिकाबाई बघत होत्या. आत गेल्यावर त्यांनी उशिराचं कारण विचारलं, आणि माझ्या साडीच्या काठाला चिकटलेल्या चिपाडाकडे बोट केलं. मी एरवी एखादा शब्द बोलून गप्प झाले असते. पण हे कारण एका शब्दात मावणारं नव्हतं. मी मद्रासच्या शर्यतीपासून सुरुवात केली. घोंगडी, म्हैस, पापड, चुलवाण, गुळव्या, सगळं सांगितलं. गुऱ्हाळाला इंग्रजीत काय म्हणतात ते मला सुचेना, म्हणून हातांनी काहील काढून दाखवली. समितीतले एक वयस्क गृहस्थ चष्मा काढून डोळे पुसत होते. मला शिकवण्याबद्दल त्यांनी फारसं काही विचारलं नाही. बाई एवढंच म्हणाल्या की वर्गात अशी बोललीस तर मुलं जागी राहतील.

नोकरी मिळाली. टायर तापले होते म्हणूनच, असं मामांनी गल्लीभर सांगितलं. नागपूरची स्थळं दुसरीकडे वळली. मी निर्धास्त झाले, पण शाळा जूनमध्ये सुरू होणार होती, आणि आमच्याकडून शाळा भरायच्या आत पोचवणारी बस नव्हती, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मामांच्या आलं असावं.

शाळेच्या पहिल्या दिवशी पाऊस लागून आठवडा झाला होता. एखाद्या रिक्षाची वाट बघायची या विचाराने मी छत्री उघडून बाहेर आले, तर ताडपत्रीशिवायची गाडी दारात उभी. मामा रेनकोट घालून वर बसलेले. चाकांवर नवे कोरे टायर, रुंद खोल खाचांचे, शेंगांची पोती वाहायचे. मी टायरांकडे बघितलं, मग मामांकडे. ते समोर रस्त्याकडे बघत होते.

“बसा मॅडम,” ते म्हणाले. “ह्यास्नी तापवायला लागत न्हाय.”

आम्ही सरळ रस्त्याने, कुठेही वळसा न घेता शाळेत गेलो. नंतरच्या सगळ्या पावसाळ्यांतही तसेच गेलो. समोरच्यांची म्हैस आता बारा महिने तक्रार करते. गेल्या उन्हाळ्यात मामींना पापड घालायला मदत म्हणून मी गच्चीवर गेले, तर पापडांच्या पलीकडे ते दोन जुने टायर भिंतीला टेकून उन्हात उभे होते. थोड्या वेळाने मामा वर आले. मी पाठमोरी होते, म्हणून मी पाहत नाही असं त्यांना वाटलं असावं. ते वाकले, दोन्ही टायर जरासे फिरवून त्यांची सावलीतली बाजू उन्हात आणली, आणि हाताची पालथी बाजू हळूच लावून बघितली. मग मान हलवली, आणि खाली गेले.