‘वाचते’पुढची खूण

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मुलांना वाचता येतं का, याच्या पडताळणीसाठी शिक्षक म्हणून शेजारच्या गावच्या शाळेत गेलो होतो, तेव्हा शेवटच्या नऊ मुलांचं वाचन न ऐकताच मी ॲपमध्ये ‘वाचते’पुढे खूण केली. आमच्या केंद्रप्रमुखांना शंभर टक्के मुलं वाचणारी हवी होती आणि मला घर गाठायचं होतं.

पुढच्याच आठवड्यात वडीगोद्रीजवळ गाडी पंक्चर झाली. पंक्चरच्या दुकानाचा मालक अबोल होता. ठिगळ लावल्यावरही त्याने ट्यूब पुन्हा पाण्यात बुडवली, सावकाश फिरवली, बुडबुडा येत नाही हे पाहिलं आणि मगच टायर चढवला. हात पुसत म्हणाला, “सर, आमच्या पोरीची परीक्षा तुमीच घेतल्ती ना? पास झाली म्हने.”

त्याने तिला बोलावून हातात वर्तमानपत्र दिलं. ती ओळींवरून बोट फिरवत घडाघडा बोलू लागली. बोटाखाली सिमेंटची जाहिरात होती, तोंडात पाठ केलेली कविता.

“बराबर हाय ना?” तो म्हणाला. “आमच्या घरात वाचणारी ही एकटीच. ती वाचल ते आमी खरं मानतो.”

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी “छान” म्हणालो आणि निघालो.

धोरणं ठरवणाऱ्यांना मी शाळेत बसून खूप नावं ठेवतो, पण ती खूण माझ्या बोटाने झाली. त्या खुणेमुळे, वाचता न येणाऱ्यांसाठी असलेल्या जादा वर्गाच्या यादीत तिचं नाव नाही. हल्ली मी लांबच्या रस्त्याने शाळेत जातो.

त्या माणसाला खरं सांगण्याचं देणं मी लागतो, आणि त्याच्या मुलीला वाचायला शिकवण्याचंही. दोन्ही अजून बाकी आहे.