हिरव्या लुगड्याची खोळ

परवा चुलतभावाकडं चहाला गेलो, तर त्याच्या कंप्युटरवर हिरव्या लुगड्याची खोळ दिसली अन् मी कप खाली ठेवला. लुगडं माझ्या बायकोचं. तिला जाऊन वरीस झालं. ती होती तवा आमची लेक लग्नाचे व्हिडिओ एडिट करायला शिकली होती. म्हणायची, "बाबा, डेस्कटॉपच घ्या. लॅपटॉप लय तापतो, मोठा व्हिडिओ पेलत न्हाई." बायकोनं तर दुकानात माप विचारून आधीच खोळ शिवली, काठ पुढच्या बाजूला घेऊन. पण चुलतभावाचं पोरगं आमच्या पेडगावात लॅपटॉप खांद्याला लावून हिंडायचं, पारावरची माणसं त्याला साहेब म्हणायची, अन् माझा जीव जळायचा. घरात झाकून ठेवलेला डेस्कटॉप कोणाला दिसणार? बायको म्हणली, "लेकीला काम करायचंय, तुमाला मिरवायचंय." तरी परभणीला जाऊन मी लॅपटॉपच आणला. पहिल्याच लग्नाच्या व्हिडिओला तो तापून बंद पडायला लागला. त्याच महिन्यात चुलतभावानं पोराला डेस्कटॉप घेतला, अन् माझी लेक काम पुरं करायला त्याच्या घरी जाऊन बसली. बायकोनं पेटीतली खोळ काढून माझ्यादेखत जावेच्या हातात दिली. म्हणली, "आमच्या घरी हिचं काम न्हाई." आता लेक सासरी हाय, लॅपटॉप कपाटात. परवा निघताना भावजय म्हणली, "भावजी, खोळ नेता का?" न्हाई म्हणलो. घरी नेऊन घालू कशावर? पण त्यांचं पोरगं तिची झटकून नीट घडी घालत होतं, ते मला बघवलं न्हाई.