जनावरांच्या कागदात निघालेलं नाव

दुष्काळ पडायच्या आदल्या वर्षी आमची मुलगी तापाने गेली. तीन वर्षांची होती. तेव्हापासून आमच्या मालकांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, चर्चमध्ये येणं सोडलं. रविवारी मला दारापर्यंत सोडायचे आणि परत फिरायचे. मी त्यांना कधी विचारलं नाही. मला बोलणं जमत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, तेवढ्यावर हे लिहिते आहे.

मग एक दिवस ते नागापूरच्या कारखान्यातून नवीनच गोष्ट घेऊन आले. येशूच्या जन्माच्या कितीतरी आधी लिहिलेल्या आमच्या शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, पहिल्या पुस्तकात त्याचं नाव लपवलेलं आहे, असं तिथे कुणी त्यांना सांगितलं होतं. एखाद्या 'ये'पासून ठरावीक अंतराने अक्षरं मोजत गेलं की 'शू' येतो. "हे माणसाचं काम नव्हे," ते म्हणाले. कितीतरी महिन्यांनी त्यांचा चेहरा उजळलेला दिसला.

आम्ही मोजायला बसलो. ते मोजत आणि मी त्या त्या अक्षरावर ज्वारीचा दाणा ठेवी. दर बाराव्या अक्षराला काही येईना, तर म्हणाले, "तेरा धरू." असं करत एकोणिसावर 'शू' आला. माझ्या अंगावर काटा आला. पुढच्या रविवारी ते चर्चमध्ये आले.

शेजारचे भाऊजी कारखान्यात त्यांच्याच खात्यात कामाला. त्यांना ही गोष्ट कळली तसे ते ओट्यावर येऊन बसले.

"आमच्या पोथीत बी अक्षरंच हायती की. मोजून दावू?"

"मोज. तुझ्यात नाही निघायचा."

"आन निघाला तर?"

"तर मी पुन्हा चर्चची पायरी चढणार नाही!"

"वहिनी, ऐकलं न्हवं? साक्षीला तुमी."

मी चहा ठेवून आत गेले. रविवारी सकाळी पोथी आणायचं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी घरी एकटीच होते. खरंच निघेल का, हे मला बघायचं होतं. पोथी आमच्याकडे कुठली? जनावरांच्या लशीचा सरकारी कागद होता, तो पसरला. त्यात पशूच पशू, म्हणून 'शू' लगेच सापडला. एका 'ये'पासून सातवं अक्षर 'शू', झाला येशू! मग गंमत म्हणून 'तवा' शोधला, 'मका' शोधला. अंतर बदलत गेलं की सगळं निघत होतं. शेवटी आमच्या मुलीचं नाव शोधलं. दोनच अक्षरी होतं. तेही निघालं. त्या दाण्यांकडे मी बराच वेळ बघत राहिले. कागद लिहिणाऱ्याला ती कुठे माहीत होती? आणि आमचं शास्त्र मुळात मराठीत नव्हतंच, असं चर्चचे पाळक सांगायचे. मग आमचा 'ये' आणि 'शू' तिथे ठेवला कुणी?

सांगावं तर ते पुन्हा चर्च सोडतील. न सांगावं तर पैज हरून सोडतील. शनिवारी जेवायला वाढताना सांगून टाकलं. मुलीच्या नावाचंही सांगितलं. त्यांचा हात ताटातच थांबला.

"कितव्या अक्षराला?" त्यांनी विचारलं.

"नवव्या."

त्यांनी ताट पुढे सारलं आणि उठून हात धुतला.

रविवारी भाऊजी पोथी कापडात बांधून घेऊन आले. मालक म्हणाले, "गाठ सोडू नको. तुझ्यात पण निघणार. हिने जनावरांच्या कागदात काढलाय."

भाऊजी हसायला लागले. "म्हंजे आमच्या बैलात बी हाय म्हना तुमचा देव!" मालक हसले नाहीत. भाऊजींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या मुलीला खांद्यावर घेऊन फिरणारा माणूस तो.

"तर मी हरलो," मालक म्हणाले.

"मोजलंच न्हाई तर हरला कोन? घंटा झाली, जा. वहिनी, न्या यांना."

मी पुढे निघाले. मागे वळून बघायची हिंमत होईना. चर्चच्या पायरीशी चपला काढताना माझ्या शेजारी मालकांच्या चपला आल्या. ते पुरुषांच्या बाजूला शेवटच्या सतरंजीवर बसले. गायले नाहीत. शास्त्र वाचताना पुस्तकही उघडलं नाही, नुसतं ऐकत होते. मोजत तरी नव्हते, एवढं मला दिसलं.