एनिड क्लेगची कुजबुज

थॉर्नबेकच्या हौशी नाटक मंडळीत एनिड क्लेग एकतीस वर्षं प्रॉम्प्टर होती. डावीकडच्या विंगेत लाकडी खुर्ची, खुर्चीवर तिनेच विणलेली उशी, मांडीवर नाटकाची वही आणि हातात शिसपेन्सिल. नट अडला की मनात तीन आकडे मोजायचे आणि वाक्याचे पहिले चार शब्द सोडायचे. नटाला ते कळावेत, पण पहिल्या रांगेला सुगावा लागू नये. पडदा पडल्यावर प्रॉम्प्टर काही वाकून नमस्कार करायला येत नाही, त्यामुळे टाळ्या तिच्या वाट्याला कधी आल्याच नाहीत. त्याचं तिला काही वाटत नसे. लोकरीच्या दुकानात ती गिऱ्हाइकांना सांगायची, की आजवर माझा आवाज एकाही प्रेक्षकानं ऐकलेला नाही, हेच माझं बक्षीस.

आता खरं सांगायचं तर गेली दोन वर्षं तो आवाज अख्खी पहिली रांग ऐकत होती, आणि तिसरी रांगही. बाईचे कान गेले होते. ते तिच्या सोडून सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. घरातला टीव्ही ती एवढ्या मोठ्यानं लावायची की शेजारचा म्हातारा भिंतीवर काठी बडवायचा, आणि तीही तिला ऐकू यायची नाही. दुकानात गिऱ्हाइकाला दोनदोनदा विचारायची आणि वर म्हणायची, हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही तो कुजबुजणार कसा? पण आमच्याकडची माणसं भारी सभ्य. एकानेही तिला बाजूला घेऊन सांगितलं नाही. पाठीमागे मात्र तिची नक्कल करून प्रत्येकानं हसून घेतलं.

त्र्याऐंशीच्या शरदात मंडळीनं गावच्या कादंबरीचा फार्स करायचं ठरवलं. गावची कादंबरी म्हणजे शंभर वर्षांपूर्वी इथल्या धर्मगुरूच्या लेकीनं लिहिलेली प्रेमकथा. तिच्या नायिकेचं, मार्था वेनचं, चित्र छापलेली भांडी पुसायची फडकी आमच्या प्रत्येक दुकानात मिळतात. पुस्तक निम्म्या गावानं उघडूनही पाहिलेलं नाही, पण मिजास सगळ्यांना. डेरेक टॅटर्सल हा शाळेतला तरणा मास्तर त्या वर्षी दिग्दर्शक होता. त्याने मार्थाचं काम एका लठ्ठ पुरुषाला दिलं, धर्मगुरूला पलंगाखाली घातलं, पाच दारं उभी केली आणि नायक थर्लोची विजार तिसऱ्या अंकात घोट्यापर्यंत खाली आणली.

एनिड मंडळीच्या समितीसमोर गेली. आयुष्यात पहिल्यांदाच गेली असेल. फार्सला तिची ना नव्हती, पण थर्लोचं पत्र तेवढं हलवू नका म्हणाली. शेवटी तो टेबलाशी बसून मार्थाला पत्र लिहितो आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणतो, ते.

"एक अक्षर हलवणार नाही, मिस क्लेग," डेरेक म्हणाला. "शब्दन्‌शब्द म्हटलं जाईल. माझा शब्द."

त्या पत्रावर तिचा जीव का, हे मंडळीतल्या जुन्या माणसांना माहीत होतं. बावन्न साली हीच कथा सरळ, गंभीरपणे झाली होती. एनिडचं ते पहिलं नाटक. थर्लोच्या कामात होता बँकेतला लेस्ली ऑर्म, सत्तावीस वर्षांचा, देखणा, आणि पाठांतराच्या नावानं बोंब. एनिडनं टेबलावरच्या कागदावर अख्खं पत्र फिक्या पेन्सिलीनं लिहून ठेवलं, तरी तो अडला. 'तुझ्या दारातला दिवा मी तीनदा लांबून पाहिला आणि तीनदा माघारी फिरलो.' हे वाक्य तिनं विंगेतून दिलं, नुसत्या श्वासावर. हॉलमध्ये बायका रडल्या. पडद्यामागे त्यानं तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, तू नसतीस तर मी मेलो असतो. पुढच्या वसंतात त्यानं मॅनेजरच्या मुलीशी लग्न केलं. एनिडनं लग्नात विणलेली रजई दिली. प्रेम होतं का? होतं, अगदी होतं. त्यानंतर एकतीस वर्षं तो अडला की ती सावरायची, आणि तिला ते पुरत होतं.

फार्समध्येही थर्लो लेस्लीच होता, अठ्ठावन्न वर्षांचा, पोट सुटलेला. रंगीत तालमीला तो पत्रापाशी खरोखरच विसरला. एनिडनं तीन मोजले आणि वाक्य दिलं. तिच्या हिशेबानं ते श्वासावर होतं. प्रत्यक्षात ते मागच्या भिंतीवर आपटून परत आलं, आणि तेही इतकं कळवळून म्हटलेलं, की समोर बसलेली समिती हसून खुर्च्यांवरून खाली यायची बाकी राहिली. विजार घोट्याशी आलेला म्हातारा टेबलाशी गप्प बसला आहे आणि विंगेतून एक म्हातारी त्याचं प्रेमपत्र म्हणते आहे. डेरेकनं तिथल्या तिथे ठरवलं, की हे असंच ठेवायचं. रोज अडायचं, प्रत्येक वाक्याला अडायचं. एनिडला सोडून त्यानं सगळ्यांना तसं सांगितलं. लेस्लीला जरा ओशाळल्यासारखं झालं, पण तालमीत एवढा हशा त्याला कधी मिळाला नव्हता. तो हो म्हणाला.

एनिडला डेरेक वेगळंच बोलला. "ऑर्मसाहेबांची स्मरणशक्ती आता पूर्वीची नाही राहिली. पत्राला तेवढं सांभाळून घ्या."

तिला केवढा आनंद झाला! टेबलावरचा कागद डेरेकनं मुद्दाम कोरा ठेवायला लावला होता. लेस्लीला या वयात कागदावरून वाचायची लाज वाटू नये म्हणून तसं केलं असेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

बुधवारी पहिला प्रयोग झाला. मग गुरुवार, शुक्रवार. तिन्ही दिवस हॉल भरलेला, आणि तिन्ही दिवस एनिडनं पत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत विंगेतून म्हटलं. हशा तिलाही जाणवायचा, पायाखालच्या फळ्या थरथरायच्या. पण तो विजारीला आहे असं ती समजायची. मनात म्हणायची, हसा लेको काय हसायचं ते, पत्र तरी पुरं होतंय. शुक्रवारी तर तिनं ते इतकं जीव ओतून दिलं, की शेवटच्या ओळीला डोळ्यांतलं पाणी वहीवर पडलं. लेस्लीनं ते पाहिलं. पाहून त्यानं प्रेक्षकांकडे तोंड केलं आणि एक डोळा मिचकावला. हॉल हसून कोसळला.

शनिवारी दुपारी शेवटचा प्रयोग होता. मध्यंतरात सगळे चहाच्या टेबलाशी जमले. मॉरीन, औषधाच्या दुकानदाराची बायको, दोन दिवस पाहून तिसऱ्यांदा तिकीट काढून आलेली. बहिरी म्हणून एनिडच्या कानाशी तोंड नेऊन ती ओरडली, "काय गं काम करतेस! आम्ही पार शेवटच्या रांगेत, तरी तुझं अक्षरन्‌अक्षर ऐकू आलं. असं कळवळून बोलायला कुणी शिकवलं तुला? माझ्या पोटात दुखायला लागलं हसून हसून."

डेरेक बिस्किटांकडे बघायला लागला. लेस्ली तिसऱ्या अंकासाठी सैल केलेली विजार एका हातात धरून उभा होता, त्यानं कप उचलून तोंडापुढे धरला. एनिडनं एकेकाचं तोंड पाहिलं. ऐकू येत नसलं तरी तिला दिसत उत्तम होतं. तिनं चहा संपवला, बशी पुसून जागेवर ठेवली आणि खुर्चीवर जाऊन बसली.

तिसरा अंक आला. दारं आपटली, धर्मगुरू पलंगाखालून निघाला, विजार खाली आली. लेस्ली टेबलाशी बसला, कोऱ्या कागदावर टाक टेकवला, "प्रिय मार्था" म्हणाला आणि ठरल्याप्रमाणे अडला. प्रेक्षक आधीच खिदळायला लागले.

एनिडनं तीन मोजले. मग वाक्य दिलं. ओठ हलवले आणि दिलं. आवाज अजिबात लावला नाही. घशावर बोट ठेवून तो निघत नाही ना, याची तिनं खात्री करून घेतली. तुझ्या दारातला दिवा मी तीनदा लांबून पाहिला.

लेस्ली थांबला. तो पुढे झुकला. त्याला पत्राची एकही ओळ येत नव्हती. तीन दिवस ती म्हणते आहे म्हटल्यावर त्यानं ती वाचलीही नव्हती. विंगेत तिचे ओठ हलत होते, ती पान उलटत होती, पेन्सिल ओळीखालून सरकत होती. हॉल थोडा वेळ हसला. मग खोकला. मग कुणीतरी खुर्ची सरकवली. विजार घोट्याशी घेऊन लेस्ली उभा राहिला, दोन पावलं विंगेकडे आला आणि पायात पाय अडकून टेबलाला धरून राहिला.

"एनिड," तो दातांतून म्हणाला. "एनिड, देवासाठी."

ती पुढच्या वाक्यावर गेली. नियमच आहे, नट अडला की प्रॉम्प्टरनं द्यायचं. ती देत होती. मागून कुणीतरी ओरडलं, मोठ्यानं बोल गं म्हातारे! दोघंतिघं हसली, पण ते हसू पुढे चाललं नाही. लेस्लीच्या कपाळावरून रंगाचे ओघळ आले. पहिल्या रांगेत बसलेल्या त्याच्या बायकोनं मान खाली घातली. एनिडनं घाई केली नाही. पत्राची अडीच पानं तिनं नीट पुरी केली, शेवटच्या सहीपर्यंत, आणि वही मिटली. तेव्हा डेरेकनं पडदा पाडला. टाळ्या पडल्या त्या मेलेल्या माणसाच्या घरी बोलतात तशा, दबक्या.

लेस्ली विजार ओढत विंगेत आला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"काय केलंस हे! एक शब्द ऐकू आला नाही मला!"

एनिडनं उशी काखेत घेतली, वही त्याच्या हातात दिली.

"मी सगळं दिलं, लेस्ली," ती म्हणाली, आणि ते विंगेतल्या, पडद्यापुढच्या, दारात कोट चढवणाऱ्या सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेलं. "तू एकदा कान तपासून घे."